अर्धा आटा

“हा रेसचा स्क्रू एवढा आत कुणी घातलाय?”

दस्तगीर उस्तादांनी बोनेटमधून डोकं बाहेर न काढताच विचारलं.

सन्मती मगदूमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायपासवर एवढं मोठं गॅरेज थाटलेला माणूस, आणि बापाच्या गाडीसाठी पंचवीस वर्षांनी उस्तादांच्या पत्र्याच्या शेडची पायरी चढावी लागली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आण्णांना जाऊन दीड महिना झाला होता. त्यांची ही अडतीस वर्षांची गाडी रस्त्यावर बरी पळायची. उभी केली, की मात्र इंजिन थरथरायचं आणि गचके खायचं.

“प्लग बदलले, पॉइंट बदलले,” सन्मती म्हणाला. “कार्बोरेटर तीनदा उघडला.”

“आणि तुझा तो कॉम्प्युटर?”

“ह्या गाडीला तो लावायला जागाच नाही, उस्ताद.”

“बिचारा,” उस्ताद म्हणाले. ते कॉम्प्युटरला म्हणाले की आपल्याला, हे विचारायची सन्मतीची छाती झाली नाही.

“हिला एकदा शांत उभी करायचीय मला. आण्णांनी जन्मात माझ्याकडं एवढं एकच मागितलं होतं...”

“मी विचारलं, स्क्रू कुणी फिरवला?”

“...मीच.”

“कधी?”

“ते यायचे तेव्हा. रेल्वे फाटकात उभी केली की थरथरते रं, म्हणायचे. गॅरेजात गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. मी स्क्रू अर्धा आटा आत फिरवायचो. रेस वाढायची, थरथर दबायची. झालं, जावा आता, म्हणायचो.”

“चहा पाजायचास?”

सन्मती मडगार्डवरची धूळ तळव्यानं पुसू लागला.

“किती वेळा आले?”

“चार.”

उस्तादांनी गाडी चालू ठेवून स्क्रू बाहेर फिरवायला घेतला. अर्धा आटा... आणखी अर्धा... पुन्हा अर्धा... चौथ्या अर्ध्याला हात थांबला. इंजिन हिवताप भरल्यासारखं थरथरू लागलं.

सन्मतीचा हात आपसूक रेस द्यायला पुढं झाला. उस्तादांनी तो बाजूला सारला.

“थरथरू दे की. ऐक जरा.”

त्यांनी खिळ्यावरची हातभर रबरी नळी काढली. एक टोक सन्मतीच्या कानाशी धरलं, दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवलं. सोळाव्या वर्षी, आण्णा त्याला इथं सोडून गेले त्या दिवशी, पहिला धडा हाच होता. तो विसरला कधी, हे त्याचं त्यालाच आठवेना.

खडखड... खडखड... आणि मग कार्बोरेटरखाली एक बारीक सुस्कारा. एक छोटी नळी चिरली होती. इंजिन तिथून चोरून हवा ओढत होतं. वाढवलेल्या रेसच्या आवाजात हा सुस्कारा कधीच कानावर आला नसता.

उस्तादांनी चिरेवर अंगठा दाबला.

इंजिन शांत झालं. इतकं, की ते चालू आहे हे बोनेटवर हात ठेवल्यावरच कळावं.

त्यांनी अंगठा काढला. पुन्हा थरथर सुरू झाली.

“दहा मिनिटांचं काम...” सन्मती म्हणाला आणि त्याला गलबलून आलं. चार खेपा मिळूनही त्यानं बापाला दहा मिनिटं दिली नव्हती.

त्यानं डोळे पुसले. “तुम्ही कसं लगेच ओळखलंत, उस्ताद?”

“ओळखलं नाही. मला ठाऊकच होतं.”

“म्हणजे?”

“तुझ्याकडं पहिल्यांदा येऊन गेले ना, त्याच आठवड्यात आण्णा इथं आले होते. नळी काढून त्यांच्या हातात दिली मी. म्हटलं, चिरलीय, नवी घालतो. त्यांनी मला हीच परत बसवायला लावली.”

“पण... का?”

उस्तादांनी फडक्याला हात पुसले.

“म्हणाले, दस्तगीर, गाडी बरी झाली तर पोराकडं काय सांगून जाऊ?”

इंजिन थरथरत राहिलं.

उस्तादांनी फळीवरची नवी नळी काढून त्याच्या हातात ठेवली. सन्मतीची बोटं काही केल्या पुढं होईनात.

“बसवू?” त्यानं विचारलं.

“बसव. आता कुणाला यायचंय?”