महाराजांची मोटार आणि ताकाचा पेला

"आठ दिवस! आठ दिवसांत मोटारीचे धक्के थांबले नाहीत, तर तुझी ऐरण आणि भाता जप्त!" कोळंबगडचे उदाजीराव महाराज कंबर धरून गरजले.

समोर रावजी लोहार हात जोडून उभा होता. बिचाऱ्याचा सगळा जन्म बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात गेलेला. बैलगाडीचं चाक जितकं मोठं, तितकी ती खड्ड्यातून अलगद निघते. महाराजांनी आरामाची मोटार मागितली, तेव्हा त्याने तेच केलं. चाकाचं लोखंड चांगलं चार बोटं वाढवलं. पण वर मडगार्ड! जागा होती तेवढीच. मग लोखंडावर रबराला जागा किती उरली? भाकरीच्या जाडीएवढी! पहिल्याच फेरीत महाराजांचा फेटा उडून पेरूच्या बागेत पडला आणि दिवाणजींचा एक दात हलायला लागला.

"आणि नीट ऐक," महाराज म्हणाले, "गाडी बोटभरसुद्धा खाली यायची नाही! शेजारच्या राजाची मोटार माझ्या मोटारीपेक्षा बुटकी आहे, ती बुटकीच राहिली पाहिजे. रस्त्याला हात लावायचा नाही. गादी बदलायची नाही."

"सरकार, चाक लहान केलं तर गाडी खाली येणार. मोठं केलं तर मडगार्डला घासणार. मग करू तरी काय?"

"ते तुझं तू बघ!"

रावजी घरी आला आणि ओल्या फडक्याने ऐरण पुसत बसला. त्याची मुलगी सगुणा पाण्याचा हंडा घेऊन दारात आली.

"बाबा, ऐरणीला आंघोळ कशाला घालताय? पाहुणे यायचेत का तिला बघायला?"

"न्यायला यायचेत, सगुणे!" रावजीने डोळे पुसत सगळं सांगितलं.

ऐरण गेली तर चूल विझली, हे सगुणाला कुणी सांगायला नको होतं. तिने हंडा खाली ठेवला, चुलीमागची दोन रिकामी मडकी उचलली, बापाचा जुना पटका काखेत मारला आणि तडक दरबार गाठला.

"काय गं पोरी, दरबारात मडकी विकायला आलीस?" महाराजांनी विचारलं.

"विकायला नाही महाराज, फोडायला!"

तिने मोठ्या मडक्याला पटक्याची फाडलेली एकच पट्टी गुंडाळली. उरलेला सगळा पटका लहान मडक्याला वेढे देदेऊन बांधला. दोन्ही शेजारी ठेवली, तर उंची अगदी सारखी!

"दिवाणजी, हाणा काठी दोन्हींवर!"

पहिला तडाखा बसला आणि मोठ्या मडक्याच्या खापऱ्या झाल्या. दुसऱ्या तडाख्याला काठी लहान मडक्यावरून उसळली ती दिवाणजींच्याच गुडघ्यावर! मडकं जसंच्या तसं. दरबार फिदीफिदी हसला.

"फुटलं ते आपलं आत्ताचं चाक," सगुणा म्हणाली. "उरलं ते मी बसवणार ते. लोखंड लहान, रबर जाड. उंची तीच, पण मार रबर खाईल, आपली कंबर नाही!"

"आणि चाकाचं चकचकीत लोखंड?" महाराजांचा चेहरा पडला.

"ते कमी दिसणार, महाराज. चकाकी हवी की कंबर, ते आपण सांगा."

महाराज हट्टी! म्हणाले, "कंबर! पण परीक्षा द्यावी लागेल. मोहरीच्या ओढ्यातून गाडी न्यायची. माझ्या हातात ताकाचा पेला राहील. एक थेंब सांडला, तर ऐरण माझी!"

मुंबईहून जाड टायर आले. रावजीने लहान लोखंडाची नवी चाकं घडवून बसवली. आठव्या दिवशी दिवाणजींनी काठीने उंची मोजली, बोटभरही फरक नाही.

"इब्राहिमचाचा, हवा बेताची ठेवा," सगुणाने ड्रायव्हरला बजावलं. "दगडासारखी नको."

गाडी निघाली. सगुणा पुढे बसली, पण तोंड मागे करून; मागे महाराज आणि शेजारी दिवाणजी. दोन्ही हातांत धरलेला पेला महाराजांनी पोटावर टेकवला होता. पहिला खड्डा आला. ताक हललं, सांडलं नाही. दुसरा आला. गाडी पाळण्यासारखी झुलली. महाराजांची मान हळूच खाली गेली. ओढ्यातले सतरा धोंडे आले, तेव्हा सगुणाने पेल्यावर नजर रोखली. ताक काठाला शिवलं आणि परत फिरलं! गाडी ओढा चढून पलीकडे गेली. सपाट रस्ता लागला. आणि महाराजांनी कूस बदलली.

फसक! सगळं ताक मिशांपासून मांडीपर्यंत!

"सांडलं!" महाराज दचकून ओरडले. "थांबवा गाडी! ऐरण जप्त!"

सगुणाने दिवाणजींकडे पाहिलं. महाराज झोपले होते, असं म्हणायची कोणाची छाती! दिवाणजी आभाळाकडे बघू लागले.

"महाराज, ताक कशानं सांडलं?" तिने विचारलं.

"धक्क्यानं! आणखी कशानं?"

"आपण जागे होता?"

"म्हणजे काय? टक्क जागा! डोळे मिटून राज्याचा विचार करत होतो."

"मग मोहरीचा ओढा आला की मला दाखवाल?"

"त्याला अजून वेळ आहे," महाराज गुरगुरले. "खरे धक्के तिथेच बसायचेत!"

इब्राहिमचाचांचे खांदे गदागदा हलायला लागले.

"महाराज, जरा मागे वळून बघा!"

महाराज वळले. मागे ओढा चमकत होता. त्यात दोन म्हशी निवांत डुंबत होत्या.

"सतरा धोंड्यांवरून गाडी गेली, तेव्हा आपण घोरत होता आणि ताक जागच्या जागी होतं. सांडलं ते सपाट रस्त्यावर. कूस आपण बदललीत, टायरनं नाही!"

महाराजांनी ओढ्याकडे पाहिलं, रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, आणि असे खो खो हसले की मिशांतलं ताक दिवाणजींवर उडालं.

"जिंकलीस पोरी! ऐरण तुमचीच. आणखी काय हवं, माग!"

"ती काढलेली मोठी चाकं द्या. भट्टीत घातली की कोयते होतील."

"दिली! आणि आजपासून मोटारखान्यातल्या प्रत्येक चाकावर तुझा हुकूम चालेल. रोजच्या पगारावर!"

"मग पहिला हुकूम आत्ताच, महाराज."

"बोल!"

"परत जाताना ताक नको. आपण निवांत झोपा!"

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी उशी मागवली.