बोडक्या खडपावरची मूठ

कातळवाडीच्या खाली ओहोटीला खडपं उघडी पडतात, तेव्हा बघा. सगळ्यांवर शेवाळ लोंबतं, तपकिरी, बारक्या फुग्यांचं. मधलं एक खडप मात्र बोडकं. त्याच्यावर काही म्हणजे काही धरत नाही. शहरातली माणसं शेवाळाचे गुण विचारत येतात. गळ्याला चांगलं, हाडांना चांगलं म्हणतात. असेल. गावाला ते गुण फार आधी कळले होते, आणि कळून काय झालं तेही या खडपावर दिसतं.

सांगतात ते असं. त्या काळी शेवाळ या एकाच खडपावर होतं. गावात आवडी नावाची गाबतीण राहायची. नवरा आणि मुलगा एकाच होडीतून मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. मागे उरली सून सगुणा, घाटावरची. तिकडे बायकांचे गळे सुजत. तशी गाठ तीही घेऊन आली होती. नवऱ्यामागे ती गाठ वाढली, घास उतरेना.

शेजारीण भिकी म्हणाली, "आवडे, परकी ती. धाड तिका घाटार."

"माझ्या दारात आसा ता माझा," आवडी म्हणाली. "तू तुझी चूल बघ."

घरात मासा येणं बंद झालेलं. आवडीने नाइलाजाने खडपावरचं शेवाळ आणून पेजेत शिजवलं. ती बुळबुळीत पेज सगुणाच्या गळ्याखाली उतरली. रोज उतरू लागली, आणि म्हणे गाठ मऊ पडत चालली. तेव्हा आवडी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि दर्याला बोलली, "नखान खुडतलंय. लोखंड लावचंय नाय. मूळ तुझा, पालो माझो."

पाळलंही तिने. पण मृग जवळ आला. पावसाळ्यात त्या खडपावर लाट माणूस ठेवत नाही. तेवढे दिवस पोरीला घालायचं काय, या धास्तीने आवडीने कालवं खरवडायचं लोखंड उचललं. सगुणा पाटी धरून उभी होती.

"आत्ती, थोडं ऱ्हाऊ द्या. शब्द दिलाय तुमी."

"दिलंय मी, मोडतलंय पण मीच. पाटी सरळ धर."

खडप पांढरं पडेपर्यंत ती खरवडत राहिली. सगळं वाळवलं, मडकी भरली, तोंडं बांधली. आणि मग कोकणातला पाऊस लागला. भिंती ओल्या, सरपण ओलं, अंथरूण ओलं. श्रावणात उरलेली मडकी सोडली तर आत काळा चिखल. आवडीने तो धुतला, भाजला, शिजवला. सगुणाने सासूच्या शब्दाखातर गिळला आणि ओकून टाकला. गाठ पुन्हा दगडासारखी झाली.

नारळी पौर्णिमेला गाव नारळ घेऊन निघायच्या आधी आवडी खडपावर उतरली. खडप तसंच पांढरं होतं. घरी येऊन तिने नुसत्या तांदळाची पेज केली आणि सांगितलं, "खा गो. शेवाळ आसा हेच्यात."

सगुणाने घोट तोंडात धरला. "हाय की आत्ती," ती म्हणाली. "बुळबुळीत लागतंय." तो घोट काही खाली उतरला नाही.

ती गेली, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या खडपांवर शेवाळच शेवाळ आलं. दर्याची ही रीत. आवडी पुष्कळ जगली. दरवर्षी त्या शेवाळातली एक मूठ ती बोडक्या खडपावर ठेवायची आणि भरती येईपर्यंत तळव्याने दाबून धरायची. शेवाळ एकदाही धरलं नाही.

आजही नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या ओहोटीला कातळवाडीच्या बायका शेवाळ नखानेच खुडतात, लोखंड नेत नाहीत. पहिली मूठ बोडक्या खडपावर ठेवतात. बरोबरच्या लहान मुली विचारतात, "आये, औंदा धरात काय गो?" त्यांना खोटं सांगायची पद्धत नाही. बायका नाही म्हणतात, आणि पाणी कमरेला लागेपर्यंत हात तसाच दाबून ठेवतात.