पाठमोरी शर्यत

"अण्णा, पोरी सगळ्यात कमी कोणत्या खेळात असतात?"

गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. धरणाच्या काठावर बसून मी स्वतः पाहिली. म्हणजे त्या दिवशी मी सिन्नरला लग्नात होतो, पण पाहिली.

विचारणारी सुलक्षणा. अकरावीतली, हिशेबाला पक्की. पुण्याच्या कॉलेजात खेळाडूंसाठी दोन जागा. राज्याचं पदक मिळालं तर त्यातली एक आपली, नाहीतर जन्मभर वडिलांच्या गिरणीत दळणं घेत बसायचं, हे तिनं ओळखलं होतं.

ज्यांना विचारलं ते रंभाजी अण्णा. आयुष्यभर नावेतून या काठावरची माणसं त्या काठाला नेली. पूल झाला तसे पोरांना शर्यतीची बोट वल्हवायला शिकवू लागले.

अण्णांनी मान वर केली नाही. "तूच सांग. कागद आणलायस ना?"

आणला होता. "कबड्डीला जिल्ह्यातच चारशे. बोटींच्या शर्यतीला गेल्या साली अख्ख्या राज्यात तीन, मी धरून चार. पदकं तीन. म्हणजे एकीलाच हरवायचंय."

"कुणाला?"

"जी शेवटी येईल तिला."

अण्णांनी आता कुठं मान वर केली.

"बस बोटीत," अण्णा म्हणाले.

बोट अरुंद, एकटीपुरती. शर्यतीत जायचं तिकडं पाठ करून बसतात, हे काही कागदावर नव्हतं. सुलक्षणा घडीघडी मान वळवून पलीकडचा काठ बघायची. मान वळली की वल्हं रुतायचं. आठवड्यात सात वेळा पाण्यात पडली.

आठव्या दिवशी तिनं कॉलेजच्या फाटकाचा फोटो आणला. "हा डोळ्यांपुढं असला की जोर येतो."

"लाव की. बोटीच्या पुढच्या टोकाला."

तिनं लावला. बसली. फोटो पाठीमागं गेला.

"दिसत नाही, अण्णा."

"मग दिसतं काय?"

"तुम्ही."

"मलाच बघ. मी सरळ रेषेत राहिलो पाहिजे, अन् बारीक होत गेलो पाहिजे."

"तुम्ही? बारीक?"

अण्णांनी स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. "ते माझं मी बघतो. तू वल्हव."

दिवाळीपर्यंत अण्णा रोज मुंगीएवढे होऊ लागले.

मग राज्याच्या स्पर्धेची यादी आली. चार नव्हत्या, एकोणतीस होत्या. तिच्यासारखाच हिशेब प्रत्येक जिल्ह्यात कुणीतरी मांडला होता.

सुलक्षणा काठावर येऊन बसली.

"कबड्डीला जातेस?" अण्णांनी विचारलं. "अजून नावं घेतायत."

तिनं खिशातला हिशेबाचा कागद काढला, त्यानं बोटीतलं ओलं आसन पुसलं, बोळा करून अण्णांच्या हातात दिला आणि बोटीत बसून पायाचे पट्टे आवळले.

इथं कबूल करतो, एकोणतीस हा आकडा माझा. पोरी अकराच होत्या. पुढचं मात्र मी शब्दानंही वाढवलेलं नाही.

बोट काठापासून सुटली तशी ती ओरडली, "अण्णा, वळून बघायचं नाही, तर पोचले हे कळणार कसं?"

अण्णा तोवर बारीक व्हायला लागले होते. तिथूनच ओरडले,

"काठाला आपटशील की."