डाव्या आट्यांचा नट

कासारखेड्याच्या वेशीबाहेर, जुन्या निंबाखाली श्री निंबगिरी महाराजांची झोपडी होती. महाराज कुठून आले, कुणाचे शिष्य, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच तर हसत आणि "जेवलास का?" असे उलट विचारीत. बारा वर्षांत त्यांनी वेशीच्या आत पाऊल टाकले नव्हते. ज्याला गरज तो त्यांच्याकडे जाई, आणि रोज सकाळी न चुकता जाणारा एक होता मल्हारी पांचाळ.

मल्हारी गावचा लोहार, पण नुसता ऐरणीवरचा नव्हे. त्याच्या पडवीत लोखंड कातायची एक छोटी लेथ होती, शिवणयंत्रासारखी पायाने चालणारी. कुठल्याशा कारखान्याने भंगारात काढलेली ती लेथ त्याने बैलगाडीतून आणली, एकेक भाग घासलेटात धुतला आणि पुन्हा उभी केली. शिकवायला कोणी नव्हते. एखादा भाग कुठे बसतो हे सुचेनासे झाले की तो निंबाखाली जाऊन बसे, आणि परत येताच सुचे! हात असे सोन्याचे. पण जीभ अगदी भित्री. खरे बोलायचे असले तरी हा आधी चार वेळा आवंढा गिळणार.

एका चैत्रात विहिरीवरच्या पंपाचा दांडा मोडला. बायका दोन कोसांवरच्या डोहातून पाणी आणू लागल्या. मल्हारी नवा दांडा कातायला बसला, तर लेथच अडली. हत्यार पुढेमागे नेणारी आडवी सरक जागची हलेना. तो ती खोलणारच होता, पण पाटलांना धीर कुठला! त्यांनी तालुक्याहून अनंतराव इंगळे मिस्त्रींना बोलावून घेतले.

इंगळे मिस्त्री हुशार, यात शंका नाही. पण आपण हुशार आहोत हे ते जेवताना आणि झोपतानाही विसरत नसत. लेथीवरचे हळदकुंकू पाहून ते म्हणाले, "ही लेथ आहे की लग्नातली नवरी?" जमलेली माणसे हसली. मग त्यांनी सरकेच्या मुठीला लांब पाईप अडकवला आणि जोर लावला.

मल्हारीने आवंढा गिळला. "साहेब, तिच्या स्क्रूचं आटं डावं हायेत. उलटं फिरवा."

"हे तुला निंबाखालच्या बुवानं शिकवलं का रे?" येताना वेशीबाहेरची झोपडी पाहिलेले मिस्त्री म्हणाले.

पुन्हा हशा पिकला. आणि मल्हारी, ज्याचे कोठलेही काम महाराजांचे नाव घेतल्यावाचून सुरू होत नसे, तो मल्हारी, त्या हसणाऱ्यांत हसला! म्हणाला, "छ्या, बुवाचं काय घेऊन बसलात साहेब! बायको जाती म्हून मी जातो. आपला न्हाई इश्वास."

मिस्त्रींनी पाईपवर सगळा भार टाकला. कट् असा आवाज झाला. सरकेच्या पोटातला पितळी नट मधोमध फुटला होता.

क्षणभर मिस्त्रींचा चेहरा उतरला. आटे खरेच डावे होते, हे त्यांना उमगले असावे. पण लगेच त्यांनी हात झटकले. "मुळातच तडकलेला होता. अडाण्याच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं! नवा नट माझ्या कारखान्यात होईल आठ दिवसांनी. तोवर बुवांना सांगा, विहिरीतून पाणी वर बोलवा म्हणावं." एवढे बोलून ते पाटलांकडे मुक्कामाला गेले.

मल्हारीने तोही दोष मुकाट्याने घेतला. तोंडातून नको ते निघून गेले होते. आता हवे ते निघेना. तो नट त्याने स्वतः केला असता, पण तो कातायला लेथ हवी, आणि लेथ तर नटावाचून बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीतच बसून राहिला. त्याच्या बायकोने, सुभद्रेने विचारले, "अवो, आज म्हाराजांकडं न्हाई जायाचं?"

"काम हाय," तो म्हणाला आणि पुसलेलेच भाग पुन्हा पुसू लागला. समोरून बायका हंडे घेऊन डोहाकडे निघाल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, तरी त्याला मान वर करवेना. काल कुणी मारले नव्हते, धमकावले नव्हते. नुसती चार माणसे हसली, तेवढ्यावर आपण गुरू नाकारला! तो स्वतःलाच म्हणाला, "माझ्यापरास ते भंगार बरं."

इतक्यात दारात सावली पडली. पाहतो तो महाराज! पाय धुळीने माखलेले, कपाळावर घाम. मल्हारी उठला, पण पायाशी जायची हिंमत होईना. तो खांबाला धरून उभा राहिला.

महाराज आत येऊन लेथीजवळच्या स्टुलावर बसले. "जोड रे," ते म्हणाले.

"म्हाराज, नट फुटलाय. दोन तुकडं झाल्यात."

"मी कुठं विचारलं? जोड."

मल्हारी खाली बसला. त्याने नटाचे दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवून खाचेत ठेवले. लांब स्क्रू त्यांत डावीकडे फिरवत घातला. वर सरक बसवली, बाजूची पट्टी घातली, तिचे बारीक स्क्रू एकेक करून आवळले, शेवटी मूठ चढवली. एकही भाग अडला नाही.

"आता पंपाचा दांडा चढव. पाय मी मारतो," महाराज म्हणाले.

"न्हाई, न्हाई! तुमी न्हाई म्हाराज!"

"तुझे पाय कापतायत. काम बिघडेल."

आणि त्या म्हाताऱ्या माउलीने लेथीचा पायटा मारायला सुरुवात केली. चाक फिरले, दांडा फिरला. मल्हारीने मूठ फिरवली आणि हत्यार सुतासारखे सरळ पुढे गेले. लोखंडाचा कीस निघू लागला. ज्यांना आपण नाकारले ते आपल्यासाठी घाम गाळताहेत, हे पाहून मल्हारीचे डोळे सारखे भरून येत. तो ते बाहीने पुसे आणि पुन्हा माप घेई.

दुपारपर्यंत दांडा तयार झाला. पंपावर चढला. इंजिन धडधडले आणि विहिरीचे पाणी धो धो हौदात पडू लागले!

मिस्त्री धावतच पडवीत आले. मागून सारे गाव आले. "नट बदलला असणार," म्हणत त्यांनी स्वतः पाना घेतला आणि सरक खोलली. या खेपेला स्क्रू बरोबर उलटा फिरवला. नटाचे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर पडले. कालचेच. मधे ना झाळल्याची खूण, ना जोड. मिस्त्रींनी ते चार वेळा उलटसुलट करून पाहिले आणि मुठीत धरून ठेवले.

"धन्य रे मल्हारी!" पाटील ओरडले. "भक्त असावा तर असा!"

मल्हारीला ते सोसले नाही. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "मी कसला भक्त? काल ह्याच जागी म्या म्हाराजांना न्हाई म्हनलं. इश्वास न्हाई म्हनलं. तुमी हसू नये म्हून. आज त्यांच्याकडं गेलोसुदिक न्हाई."

काल हसलेले खाली पाहू लागले.

महाराज म्हणाले, "अरे, ते मला कालच कळलं. नट मागायला तू आला असतास, तर तिथं बसूनच दिला असता. पण तुला यायला तोंड राहिलं नाही. मग कुणी यायचं? मीच आलो."

मल्हारी त्यांच्या पायांवर कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

आता मिस्त्रींच्याने उभे राहवेना. फुटका नट धरून राहणे जमले होते, महाराजांचे ते शब्द मात्र झेपले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मल्हारीशेजारीच धुळीत डोके टेकले. "महाराज, यानं सांगितलं होतं, आटे डावे आहेत म्हणून. मी ऐकलं नाही. नट मी फोडला आणि बोल याला लावला."

महाराजांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला. "उठा रे. दोघं मिळून नवा नट करा."

मल्हारी उठला. पण इंगळे मिस्त्रींचे डोके काही केल्या वर होईना.