डाव्या हाताचं मुटकं

"माझ्या हाताला हात लावायचा नाही, दोरीनं माप घ्यायचं नाही आणि हाताकडे बघायचंही नाही," करवंदगडच्या जाखोजीराजांनी फर्मावलं. "पण दसऱ्याला या धनुष्याची मूठ माझ्या हातात चपखल बसली पाहिजे."

समोर रखमाजी सुतार उभा होता. त्याच्या हातात राजांच्या आजोबांचं, धामणाच्या लाकडाचं धनुष्य होतं. आजोबांचा पंजा भलामोठा, त्यामुळे मूठही तशीच जाड. राजांनी धनुष्य ओढलं की डाव्या तळव्याला फोड यायचे आणि बाण निशाणापासून हातभर बाजूला जायचा.

"महाराज, मापच नाही तर किती तासू?" रखमाजी म्हणाला. "लाकूड एकदा जास्त गेलं की परत लावता येत नाही."

"आधीचे दोघे सुतार हेच म्हणाले. त्यांची हत्यारं आता माझ्या कोठारात पडून आहेत."

रखमाजी घरी आला. त्यानं रंधा, पटाशी, कानस, वाकस अशी सगळी हत्यारं ओळीनं मांडली आणि एकेकाला तेल लावत बसला.

"हत्यारांना निरोप देताय जणू! हे पाहुणे निघालेत का, बाबा?" त्याच्या लेकीनं, साळूनं विचारलं.

"निघतीलच, दसऱ्याला," तो म्हणाला आणि त्यानं दरबारातली हकिगत सांगितली.

साळू ज्वारीच्या पिठात मेथी मळून मुटकी करत होती. पिठाचा गोळा मुठीत धरायचा, दाबायचा आणि वाफेवर ठेवायचा. ऐकता ऐकता तिनं हातातल्या मुटक्याकडे पाहिलं. चार बोटांचे चार ठसे त्यावर स्वच्छ उमटले होते.

"बाबा, राजे धनुष्य कोणत्या हातात धरतात?"

"डाव्या. तो हात कायम शेल्याखाली. सरावालासुद्धा एकटे जातात. कुणी तो हात पाहिलेला नाही."

साळूनं मळलेलं पीठ केळीच्या पानात बांधलं आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, मी रखमाजीची लेक. बाबांच्या घशाखाली घास उतरत नाही. तुमच्या हातचं एक मुटकं मिळालं तर खातील आणि कामाला लागतील."

"राजानं मुटकी वळायची?" दिवाणजी ओरडले.

"नसेल जमत तर राहू द्या," साळू म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीला जमतं, म्हणून म्हटलं."

राजांनी उजवा हात पुढे केला. "आण इकडे ते पीठ."

"उजव्या हातानं ती पण करते, महाराज."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. राजे ताठ झाले. "मग मी डाव्यानं करतो."

"शेल्याखालीच करा, मला हात बघायची मनाई आहे. आणि जोर लावू नका. मूठ आरामात मिटेल एवढंच पीठ धरा, उरलेलं गळू द्या."

जरीच्या शेल्याखाली थोडा वेळ खुडबुड झाली. मग एक मुटकं बाहेर आलं. शेल्यावर पिठाचा मोठा डाग पडला होता. साळूनं मुटकं पानात घेतलं, वाकून नमस्कार केला आणि घर गाठलं.

वाफेवर ते मुटकं घट्ट झालं. रखमाजीनं त्याच्या ठशांवरून बोट फिरवलं. तीन बोटं सरळ होती. करंगळी मात्र कधीतरी मोडून वाकडी जुळली असावी. तिचा ठसा तिरका जाऊन शेजारच्या ठशावर चढला होता.

"असं आहे तर," तो पुटपुटला. "म्हणून तो शेला."

"बाबा, बोलू नका. तासा."

दोरी राजांच्या हाताला लावायची नव्हती, मुटक्याला लावायला मनाई नव्हती. रखमाजीनं चार दिवस माप घेत, थोडं थोडं तासत, कानस फिरवत मूठ बारीक केली. करंगळीसाठी बोटभर तिरकी खाच कोरली आणि तेल पाजून ती गुळगुळीत केली.

दसऱ्याला सगळं गाव माळावर जमलं. राजांनी शेल्याआडून धनुष्य धरलं. तीन बाण सुटले आणि तिन्ही केळीच्या खांबात एकाजवळ एक रुतले. लोकांनी जयजयकार केला. राजांची करंगळी मात्र त्या खाचेत अलगद बसली होती. म्हणजे तिचा वाकडेपणा कुणाला तरी कळला होता. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी साळूला जवळ बोलावलं.

"माझा हुकूम मोडलास," ते हळूच म्हणाले. "माझा हात पाहिलास."

"नाही, महाराज. मुटकं पाहिलं. राजानं स्वतः करून दिलेल्या वस्तूकडे पाठ फिरवली असती तर तो अपमान झाला असता."

"ते मुटकं कुठे आहे? आणखी किती जणांना दाखवलंस?"

"काम झाल्यावर आईनं आमटीत सोडलं आणि बाबांनी खाल्लं. आता दाखवायचं म्हटलं तरी दाखवता येणार नाही."

राजांनी नाक मुरडलं. "चार दिवसांचं शिळं मुटकं?"

"दात दुखतोय माझा," मागून रखमाजी म्हणाला. "आणि मीठ कमी होतं. पण ती चूक हिची, तुमची नाही."

राजे खो खो हसत सुटले. हसता हसता डोळे पुसायला त्यांनी हात वर केला, आणि तो डावा होता. दिवाणजींनी घाईनं मान फिरवली.

"दिवाणजी, मान दुखेल," राजे म्हणाले. "बघा खुशाल. घोड्यावरून पडलो होतो लहानपणी. आणि त्या दोघा सुतारांची हत्यारं आजच परत पाठवा, प्रत्येकासोबत धान्याचं एकेक पोतं. रखमाजी, आजपासून गडावरची सगळी धनुष्यं तुझ्याकडे."

मग त्यांनी अंगावरचा जरीचा शेला उतरवला, त्याची घडी केली आणि तो दोन्ही हातांनी साळूपुढे धरला.

"पिठाचा डाग मात्र तूच धू," ते म्हणाले.