दुसऱ्यांदा आलेली हाक

“पण त्याला परत उत्तर कशाला द्यायचं, मास्तर? एकदा बोलून झालंय ना त्याच्याशी!”

यशोधनने माइकचं बटण सोडलं आणि मागे वळून पाहिलं.

दस्तगीर मास्तर खिडकीपाशी बसून हेडफोनची उसवलेली गादी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही म्हणून वाद घालण्यापेक्षा उत्तर देणं लवकर उरकतं.”

“गुण शून्य मिळतो त्याचा.”

“मिळू दे.”

मिरजेच्या बाहेर माळावर एक जुनी पाण्याची टाकी आहे. तिच्याखालची खोली हौशी रेडिओ क्लबला मिळाली होती. क्लबचे बाकीचे लोक काल दुपारी आले, सगळ्यांनी मिळून अँटेना उभी केली, तिच्याखाली फोटो काढले आणि घरोघर गेले. राहिला तो यशोधन. काल संध्याकाळी साडेपाचला स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तो त्या खुर्चीत होता.

स्पर्धा सोपी होती. चोवीस तासांत देशभरातल्या जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं. दोघांनी एकमेकांना क्रमांक द्यायचा, म्हणजे आजचा हा आपला कितवा संपर्क ते सांगायचं. लिहायचं आणि पुढची हाक मारायची. तेच केंद्र पुन्हा आलं तर गुण नाही.

क्लबचा विक्रम चारशे एकोणतीसचा होता. अठरा वर्षांपूर्वी केलेला, आणि तो मास्तरांचा होता. मास्तरांची हयात तारखात्यात गेली. मोर्सची टिकटिक ते इतरांनी गप्पा ऐकाव्यात तशी ऐकायचे. यशोधनला हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. बोलण्याआधी ऐक. लहरींवरची जागा रिकामी आहे का ते विचार. नाव अर्धंच कळलं तर राहिलेलं अर्धंच परत विचार, सगळं नको. अंदाजाने काही लिहू नकोस.

आता दुपारचे चार वाजले होते. यशोधनचे चारशे अठरा झाले होते.

स्पीकरमधून तो बारीक, खरखरीत आवाज पुन्हा आला. कॉलसाइनची, म्हणजे केंद्राच्या सांकेतिक नावाची, शेवटची दोन अक्षरं तेवढी स्वच्छ होती, के आणि झेड. किलो, झुलू.

“द्या क्रमांक,” यशोधन माइकमध्ये हिंदीत म्हणाला. स्वर तुटक होता.

“दोन,” पलीकडून उत्तर आलं.

यशोधनने बटण सोडलं आणि तो हसला.

“बघा मास्तर. अडीच वाजता आला तेव्हा विचारत होता, कसला क्रमांक? म्हटलं, आजचा कितवा संपर्क ते सांगा. म्हणाला, मग एक. आणि आता दोन! अशा चालीने हा स्पर्धा जिंकणार.”

मास्तरांनी सुई थांबवली.

“पहिला कोण होता त्याचा?”

“मी.”

“आणि दुसरा?”

“मी…”

यशोधनचं हसू जिथल्या तिथे राहिलं. दीड तास. त्या दीड तासात तो माणूस दुसऱ्या कुणाशीही बोलला नव्हता.

स्पीकर नुसता सूं सूं करत होता.

मास्तर उठले. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि संगणकाच्या पडद्यावर जिथे चारशे अठरा दिसत होतं, त्या कोपऱ्यावर अडकवली. मग परत जाऊन शिवायला बसले.

यशोधनने टोपीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग माइक ओढला. तोंडातून मराठीच निघालं.

“किलो झुलू… आहात का अजून?”

“आहे, आहे.” आवाज लगेच आला. “मराठी बोलता? मला वाटलंच उच्चारावरून. मी चिखलदऱ्याहून बोलतोय. वनखात्यात होतो वायरलेसवर. आता नुसता ऐकत असतो.”

“मी मिरजेहून. बोला ना.”

“नाव काय तुमचं?”

यशोधनचं बोट बटणावर अडखळलं. काल संध्याकाळपासून चारशे अठरा जणांनी त्याला क्रमांक विचारला होता.

“यशोधन.”

“मूळचे मिरजेचेच?”

“नाही. नाशिकचा. इथे नोकरीला आहे, दोन वर्षं झाली.”

“घरचे?”

“घरचे तिकडेच. इथे खोली घेतलीय.”

“बरं… जेवलात का दुपारी?”

“हो.”

मास्तरांनी टेबलाच्या कडेला पाहिलं. सकाळी त्यांनी आणलेला डबा तिथे तसाच बंद होता.

मग पलीकडचा माणूस बोलत राहिला. यंदा पाऊस किती पडला. अस्वल अंगणापर्यंत कसं आलं. गेल्या वाऱ्यात अँटेना पडली ती त्याने बांबूवर कशी बांधली. मधेच मागून एका बाईचा आवाज आला, भांडं वाजलं, कुणीतरी हसलं. तो म्हणाला, “थांब गं, बोलतोय मी.” यशोधनही बोलला. खोलीच्या समोर दिसणाऱ्या चिंचेबद्दल बोलला. खानावळ रविवारी संध्याकाळी बंद असते, ते सांगितलं. हे आपण कुणाला कधी सांगितलं नव्हतं, असं त्याला बोलता बोलता जाणवलं.

पंचवीस मिनिटं गेली.

“बराय यशोधन,” तो माणूस शेवटी म्हणाला. “काही खाऊन घ्या. मी असतो याच जागेवर. रोज दुपारी.”

“बरं काका.”

आवाज विरला. मास्तरांनी टोपी काढून डोक्यावर घातली.

उरलेला वेळ यशोधनने जीव तोडून हाका मारल्या. गळा बसला होता. एकेका उत्तरासाठी पाच-पाच, सात-सात मिनिटं जात होती. साडेपाच वाजले. त्याने माइक खाली ठेवला.

“चारशे सत्तावीस,” तो म्हणाला. “दोन कमी पडले.”

मास्तरांनी सुईत नवा दोरा ओवला.

“बोलत बसलो नसतो तर झाले असते.”

“झाले असते.”

यशोधनने डबा उघडला. पोळ्या वातड झाल्या होत्या. एक घास त्याने बराच वेळ चावला. बाहेर माळ पिवळा पडत चालला होता आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

“पण वाईट नाही वाटत, मास्तर. विक्रम काय, पुढच्या वर्षी होईल.” त्याने पोळीचा आणखी एक तुकडा मोडला. “फार एकटा होता हो बिचारा. सारखा हाका मारत होता. म्हणून म्हटलं… थोडं बोलावं त्याच्याशी.”

मास्तरांनी शिवलेल्या गादीचा दोरा दातांनी तोडला. हेडफोन टेबलावर ठेवला.

“तोही आत्ता घरात हेच सांगत असेल.”