रंगरेज गल्लीतलं दार

“मग रस्ता विचारता कशाला, बाई? तुमचा तर जन्मच इथला.”

सारंगधरनं विचारलं. हंसाबाई चालत राहिल्या.

तो त्यांचा शिष्य. महानुभाव आश्रमात येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी तो कॉलेजात इतिहास शिकवायचा, आणि ते अजून त्याच्या बोलण्यातून गेलं नव्हतं. बाईंचे थोरले भाऊ, उमापती मास्तर, इथं हैदराबादेत दंगलीत मारले गेले, एवढं त्याला ठाऊक होतं. ती जागा बघायचीच, हा हट्ट त्याचा.

बाईंनी बांगडीवाल्याला विचारलं, “रंगरेज गल्ली?”

तो म्हणाला, सरळ जा.

पुढं गजरे ओवणाऱ्या तेलुगू बाईनं उलट मागं बोट दाखवलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातले सरदारजी म्हणाले, त्या नावाची गल्लीच आता राहिली नाही. शेजारचा मारवाडी हसला. “राहिली नाही कशी? तुम्ही उभे आहात ती कुठली मग?”

सारंगधर पुरता गोंधळला.

“बाई, यातलं खरं कोणाचं?”

“चल.”

गल्लीत एका पायरीवर एक म्हातारा कोथिंबीर निवडत बसला होता. त्यानं मान वर केली.

“कौन होना, अम्मा?” कोण हवंय, असं तो विचारत होता.

“उमापती मास्तर कुठं राहायचे?”

म्हाताऱ्याचा हात थांबला.

“आप कौन उनके?”

“ओळखीची.”

“गए वो... उस दंगे में.” म्हाताऱ्यानं पाठीमागच्या आपल्या दाराकडं पाहिलं. “भागते आए. मेरा दरवाजा ठोके. मैं नै खोला, अम्मा... अंदर मेरे बच्चे थे.”

सारंगधरचं डोकं तापलं. तो पुढं सरसावला. बाईंनी त्याचा दंड धरला.

“थोडं पाणी मिळेल?”

म्हातारा धडपडत उठला. आतून पेला दोनदा विसळल्याचा आवाज आला. बाई पायरीवर टेकल्या, सावकाश पाणी प्याल्या. रिकामा पेला घ्यायला म्हाताऱ्यानं हात पुढं केला. बाईंनी त्यावर आपला तळवा ठेवला... जरा वेळ तसाच राहू दिला.

मग त्या निघाल्या.

मागच्या गल्लीच्या तोंडाशी सारंगधरला राहवलं नाही.

“मला काही कळत नाही, बाई. त्या माणसानं दार उघडलं असतं तर तुमचे भाऊ वाचले असते.”

“वाचला असता.”

“आणि तुम्ही त्याच्याच पायरीवर बसून पाणी प्यालात! बहीण आहे म्हणून सांगितलंही नाहीत. दोन शब्द सुनवायचे होते. नाहीतर क्षमा केली म्हणायचं होतं. म्हातारा सुटला तरी असता. यातलं काहीच नाही...”

बाई थांबल्या होत्या. समोर एक बैठं घर होतं. खिडकीला नवी जाळी, दोरीवर कुणाकुणाचे कपडे.

“हे कोणाचं?”

“माझं सासर.”

“इथं? एवढ्या जवळ?”

“हो.”

“मग त्या दिवशी तुम्ही घरातच...”

बाई दाराकडं बघत राहिल्या.

“दादानं आधी ही कडी वाजवली होती.”